समर्थनाचा रकाना

नंदुरबारला मार्चात पथारीवर मिरची वाळते
आणि वारा फिरला की जिल्हा न्यायालयात
आधी अशील शिंकतो, मग पट्टेवाला,
मग, थोडं थांबून, न्यायाधीश.

मी बेडसे. सरकारी वकिलांच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक,
चौदा वर्षं कनिष्ठच.
माझं काम राज्याच्या वतीनं कागद लावणं,
आणि लावायला आधी कोरा कागद मिळवणं.
जूनमध्ये मागणी, सप्टेंबरात स्मरणपत्र,
डिसेंबरात सुधारित अंदाज, मग शांतता.
मग एकतीस मार्चला, अंधार पडल्यावर,
संगणकावर अनुदानाचा आकडा उगवतो
संकष्टीच्या चंद्रासारखा,
आम्ही सगळे उपाशी, माना वर करून.

यंदा पावणेआठला उगवला.
फर्निचर : अडतीस हजार.
टपाल : निरंक. प्रवास : निरंक.
झेरॉक्सचा उल्लेखच नाही.
या शीर्षाचं त्या शीर्षात घालता येत नाही,
आणि बाराच्या ठोक्याला उरलेलं व्यपगत होतं.
कोषागारातल्या वाणीबाई फोनवर म्हणाल्या,
"भाऊ, कपाट लई टाक. कपाट तरी यी."
मी कपाट घेतलं.

आता दाज्या वसावेंचं सांगतो.
मोलगीकडच्या एका पाड्याचे निवृत्त कोतवाल.
एका ठेकेदाराचा दावा होता :
मी नाल्यावर बंधारा बांधला, सरकारनं अकरा लाख बुडवले.
सरकार म्हणत होतं, बंधारा नाहीच.
हे शपथेवर सांगेल असा सरकारकडे एकच माणूस होता.
बाकीच्यांनी तो बंधारा मोजून, सही करून ठेवला होता.

त्यांना पत्र धाडायला तिकिटं नव्हती.
लखोटा मोलगीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला,
वर चहाचे वीस रुपये, माझे.
पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर.
दुसऱ्या तारखेला ठेकेदाराच्या वकिलांचं पोट बिघडलं.
तिसऱ्या तारखेला म्हातारा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला,
चपला बाहेर काढून.
बंधारा कुठं आहे, विचारलं तर म्हणाला,
"तिथंच मी गुरं पाजतो, साहेब.
पोस महिन्यात गुडघ्याएवढं पाणी, पुढं तेही नाही.
भिंत असती तर टेकून बसलो नसतो का?"

दावा फेटाळला गेला. अकरा लाख राहिले तिजोरीत.
जिन्यात त्यांनी मला गाठलं.
सरकारनं बोलावलं होतं ना? मग भाड्याचं?
तीन फेऱ्यांना तीन कोंबड्या गेल्या,
त्यातली एक खुडूक होती, अंडी थंड पडली.
तक्रार नव्हती त्यात. हिशेब होता.
मी खिशात होते ते दिले.
त्यांनी न मोजता ते धोतराच्या सोग्याला बांधले
आणि एसटी स्टँडचा रस्ता विचारला,
तिसऱ्यांदा.

जूनमध्ये मागणीपत्र लिहिलं, तेच, साल बदलून.
फक्त "समर्थन" या रकान्यात,
जिथं चौदा वर्षं "वाढत्या महागाईमुळे" असं लिहीत आलो,
तिथं लिहिलं :
साक्षीदार तीन कोंबड्या विकून उपस्थित राहिला,
पैकी एक खुडूक.
शासनाचे रुपये अकरा लाख वाचले.
सबब प्रवासखर्चापोटी रुपये चार हजार मंजूर व्हावेत.
देवरे वकिलांनी न वाचता सही केली.
किंवा वाचून.

उत्तर ऑगस्टात आलं. त्रुटी एकच होती :
"कोंबड्यांच्या विक्रीची पावती सोबत जोडलेली नाही."

दिवसभर मी ते पत्र कपाटात ठेवलं.
चार कप्पे आहेत. त्यात तेवढंच.
संध्याकाळी काढून पुन्हा वाचलं
आणि लक्षात आलं, त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

मोलगीचा बाजार शुक्रवारी भरतो.
किरकोळ रजा टाकली आहे.
पावतीपुस्तक घेतलं, पंचवीस रुपये, माझे.
कोंबड्या घेणारं कुणीतरी भेटेल,
आठवत असेल त्याला.
शाईचा पॅड ऑफिसातला नेतोय,
तो गेल्या वर्षीच वाळला आहे,
थोडं पाणी घातलं की उमटतो अंगठा.