परतीची तारीख

डुलुथच्या शाखेत एकतीस वर्षं
इंगा ल्युंडग्रेननं एकच नियम पाळला :
पुस्तक परत आलं
की कोणी नेलं होतं ते विसरायचं.
संगणक आला
तर तिनं त्यालाही विसरायलाच शिकवलं.

एकदा शेरीफच्या कचेरीतला माणूस आला, बुटांना बर्फ,
अमुक बाई काय वाचते ते विचारत.
इंगा म्हणाली, आमच्याकडे नाही.
आणि खरंच नव्हतं.
खोटं बोलावं लागलं नाही,
हे सुख तिला आठवडाभर पुरलं.

आज व्हर्ना टिबेट्स.
हातमोजे काढते, पुन्हा घालते.
फोनवर मिळेल का? घरी कागदाचं नको.
कुठलं, ते इंगा विचारत नाही.
पडदा तिच्याकडे वळवते आणि बघत राहते
बंदरात हिवाळ्यापुरती बांधलेली मालवाहू बोट.

बटण दाबलं की ग्रंथालय मिटतं
आणि दुकान उघडतं.
दुकानाला व्हर्ना आधीच ठाऊक :
पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे,
कुत्र्याचं खाणं कुठलं, किती दिवसांनी संपतं.

रात्री न्हाणीघराला कडी लावून
ती सातवं प्रकरण दोनदा वाचते.
एका ओळीवरून बोट फिरवते. ओळ पिवळी होते :
आधी स्वतःच्या एकटीच्या नावानं खातं उघडा.

एकविसाव्या दिवशी पुस्तक आपलं आपण जातं.
दंड नाही, बर्फ तुडवणं नाही.
फक्त एक पत्र, अदबशीर :
तुमची मुदत संपली.
तुमच्या खुणा आम्ही जपून ठेवल्या आहेत.
पुस्तक विकत घेतलंत तर जिथल्या तिथे सापडतील.

खातं दोघांचं.
स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर
कुत्र्याच्या खाण्याशेजारी
तसलीच आणखी तीन पुस्तकं, तुमच्यासाठी निवडलेली.
रॉय टोस्टला लोणी लावत म्हणाला,
हल्ली काय वाचतेस?
सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

व्हर्ना पुन्हा आली तेव्हा हातमोजे विसरून आली होती.
इंगानं ऐकून घेतलं. मग काउंटरवरची
‘आता घरबसल्या वाचा!’ ही पाटी
पालथी घातली. पाटीला काय कळणार.

नकाशांच्या कपाटामागे एक खुर्ची आहे,
रेडिएटरला लागून, दारातून न दिसणारी.
कागदाचं पुस्तक तिथे नेऊन ठेवलं.
व्हर्ना पाकिटात कार्ड शोधू लागली.
इंगा म्हणाली, राहू दे.
इथे बसून वाचायला
नाव लागत नाही.