तोलाई

बत्तीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलली.
पोतं, बारदान, कडता, सगळं वजा करून
उरेल ते खरं.

मिरजेच्या दवाखान्यात
लांब वेणीची डॉक्टरीण म्हणाली,
आदगोंडा काका, औषध सगळ्यांना तेच.
आधार कसा पोचवायचा, तेवढं तोलून बघतोय.
निम्म्यांच्या घरी सिस्टर जाणार, निम्म्यांना फोन.
कुणाला काय, ते पाकिटात.

दस्तगीरच्या पाकिटात घरभेट निघाली.
माझ्यात फोन.
डावा जबडा काढलेल्या माणसाला फोन!
पद्मव्वा हसली,
मग पदर तोंडाला लावून
बराच वेळ नळाकडं बघत उभी राहिली.

मंगळवारी, शुक्रवारी, पाचाच्या ठोक्याला, हेमांगी.
तिला मी पाहिलेलं नाही.
तोडगा तिनंच काढला:
एक टकटक हो, दोन नाही,
आणि दुखणं शून्य ते दहा, नखानं मोजून.
मला नवल वाटलं नाही.
आमच्याकडं पूर्वी रुमालाखाली हात घालून
बोटं दाबून भाव सांगायचे.
भोवती शंभर माणसं, भाव दोघांनाच ठाऊक.

मालगावला एस्तेर सिस्टर स्कूटरवरनं जाते.
ती यायच्या आधी अंगण झाडतात,
दस्तगीरला धुतलेला सदरा घालतात,
हा खुर्चीत ताठ बसून सांगतो, बरं हाय.
पण सिस्टरला डोळे आहेत.
पलंगाच्या पायांखालच्या विटा तिनं काढायला लावल्या.
बिस्किटांच्या डब्यात तिला
गोळ्यांची अख्खी पाकिटं सापडली,
पुढं जास्त दुखेल तेव्हासाठी राखलेली.
ओरडली नाही म्हणे.
जखम धुतली, चहा प्यायली,
एक गोळी समोर घ्यायला लावली.
त्या रात्री तो तीन महिन्यांनी कुशीवर झोपला.

हे तो मला सलाईनच्या खुर्चीत सांगतो,
मी माझं वहीत लिहून दाखवतो.
एकवीस दिवसांनी एकदा, शेजारी शेजारी.
ह्या खुर्च्या कुठल्याच पाकिटात नव्हत्या.

एका शुक्रवारी मी आठ वेळा नख वाजवलं.
पद्मव्वा नळीसाठी पेज गाळत होती.
सहाव्यालाच तिचा हात थांबला.
मला तीन बोटं दाखवली होतीत, म्हणाली.
रुमाल सरकला होता.
फोनमधून हेमांगी, काका, आहात ना?
एक.

पुढच्या खेपेला दस्तगीरच्या खुर्चीत
जतचा कुणी पोरगा बसला होता.
हेमांगीला विचारू कसं?
हो-नाहीत दस्तगीर बसत नाही.
आणि त्या बाजूची यादी तिच्याकडं नसते.

डॉक्टरणीनं कागद दिलाय:
कुठली पद्धत बरी, खूण करा.
वहीत घडी घालून ठेवलाय.
काटा थांबल्याशिवाय
मी कधी आकडा बोललेलो नाही.

काल मीच मालगावला फोन लावला.
उचलला त्यानंच.
माझ्याकडं आवाज नाही, म्हणून नख वाजवलं, पाच.
तो गप्प. मोजत असावा.
मागं भांडी वाजली, बायको जवळच असणार.
तो मोठ्यानं म्हणाला, बरं हाय.
आणि मग नखानं, सावकाश,
नऊ.