चंदीचा हिशेब

दौलतगंजात, बंद पडलेल्या तेलघाणीच्या गोदामात
रविवारी अकराला लिलाव.
मला बोलावतात वाचायला. पानामागे चाळीस रुपये, चहा वेगळा.
लष्करात मोडी येणारे आता आम्ही तिघेच,
त्यातल्या एकाला दिसत नाही,
आणि तुळपुळे लेकीकडे नाशिकला गेले ते गेलेच.

आधी चित्रं निघाली.
शिळाछापाची भारतमाता, सिंह जरा मांजरासारखा,
पायाखालच्या नकाशात कराचीपाशी कसरीनं पाडलेलं भोक.
खाली छापखान्याचं नाव होतं, ते कुणी नखानं खरवडलेलं.
जप्तीच्या भीतीनं, म्हणाला हुकमीचंद,
आणि आवाज असा खाली आणला
जणू फौजदार अजून दारात उभा आहे.
तेवढ्यावर भाव दुप्पट झाला.
दिल्लीचा माणूस पांढरे हातमोजे घालून आलेला.
सत्रह हज़ार एक, सत्रह हज़ार दो...
हुकमीचंदकडे हातोडी नाही,
तो घाणीतलं जुनं अच्छेराचं वजन आपटतो.

मग रुमाल सुटला.
तांबडा खारवा, आत नऊ कागद,
उंदरानं आपला वाटा आधीच घेतलेला.
"पंडितजी, सत्तावन का है क्या?"
सगळे हेच विचारतात.
गाईच्या विक्रीचा कागद असला तरी
त्यांना त्यात तोफ ऐकू यायला हवी.

मी चष्मा पुसला.
मोडीत आधी पानभर रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं लोंबवत जायची, बोरू न उचलता,
म्हणून घाबरलेला माणूस आणि आळशी माणूस
सारखेच दिसतात लिहिताना.
वाचलं :
पागेकडील घोडे रास अकरा.
चंदी दर रास अडीच शेर.
कडबा पेंढ्या पंचावन्न. मीठ. नाल.
मोतद्दार येसू यास पायतण जोड एक.

दिल्लीवाला फोनकडे वळला.
"घास-चारा," म्हणाला.

शेवटची ओळ मी वाचली नाही.

बत्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली,
एक काना इकडचा तिकडे केला नाही.
आणि आज हात वर केला, तेव्हा
बंडीची शिवण बगलेत उसवली.
साडेतीनशे एक. साडेतीनशे दो.
वजन आपटलं.
हुकमीचंद माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.
त्याला मोडी येत नाही. माणसं येतात.

कंपूत घरी आलो. कुमुद भाकरी थापत होती.
"आणला आणखी एक," म्हणाली.
दिव्याखाली कागद धरला.
ज्येष्ठ शुद्ध, तिथीवर डाग.
आणि समासात, आडवी, वेगळ्या शाईत ती ओळ :
*घोडे चार आले. सात परत नाहीत.*
पण खाली बेरीज तपासली, दोनदा तपासली,
पुढचे बारा दिवस चंदी अकरांचीच खर्ची पडली आहे.

तिला वाचून दाखवलं. पूर्ण, यावेळी.
तिनं तवा उतरवला.
"चोर असेल मेला कारकून," म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, राख झटकत,
"किंवा रोज संध्याकाळी पाट्या भरून ठेवत असेल."

दिल्लीवाल्याचं कार्ड माझ्या खिशात आहे.
भारतमातेला त्याच्याकडे काच मिळेल, दिवा मिळेल,
खरवडलेल्या नावाखाली पितळी पट्टी मिळेल.
ह्या कागदाला मी काय देणार,
खाकी लिफाफा आणि डांबराची गोळी.

घडी घालताना तळव्यावर काहीतरी खरखरलं.
शाई टिपायला टाकलेली वाळू.
दोन कण. त्यानं फुंकर मारली तेव्हा उडायचे राहिलेले.
मीही मारली नाही.