पूलदंड

आमचं दुकान विजापूर वेशीत, दोन फळ्या रुंद.
एकाच दोऱ्यात तिथं तीन-चार भाषा ओवल्या जायच्या.

अव्वा कन्नडमधून म्हणायची हार,
आणि हारू म्हणायची ते उडण्याला.
पत्र्यावरून चिमणी गेली की: हारितु.
शाळेत बाईंनी विरुद्धार्थी विचारला, हार.
मी लिहिलं, बसणे.
लाल रेघ आली. उत्तर होतं, जीत.
अप्पा वही बघून म्हणाले, दुकानात दोन्ही चालतंय,
हरलेलापण आधी ऑर्डर देऊनच गेलेला असतो.

सत्तेम्मा शुक्रवारी यायची, विड्या देऊन परतताना,
बोटांना तंबाखूचा वास.
‘पूलदंड एक.’
मला वाटायचं, कुठल्यातरी पुलावर
हिला दर शुक्रवारी दंड होतोय
आणि ती तो आमच्याकडं भरतीय.
पूलु म्हणजे फुलं, अप्पांनी सांगितलं. दंड म्हणजे माळ.
पण तोवर मी तो पूल बघून ठेवला होता,
खाली पाणी नसलेला,
पलीकडं कोण राहतं ते न दिसणारा.

हुसेनचाचांचा सेहरा, तोंड झाकायला.
लग्नघरच्या मुंडावळ्या.
हात मोजून वेणी, वीत मोजून गजरा,
नव्या टेम्पोला ‘टाका कायतरी’,
आणि पुढाऱ्याला फक्त ‘मोठ्ठा’.

मग एका दुपारी पालिकेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला.
टॉवेलच्या कारखान्याला आग लागून गेली होती.
पुष्पचक्र, नग तीन.
खाली नाव नव्हतं, हुद्दा होता: फायरमन.
अप्पांनी चिठ्ठी मला दिली, मी वाचली.
पुन्हा दिली, पुन्हा वाचली.
चक्र म्हणजे?
गोल, शिपाई म्हणाला, हवेत बोट फिरवून.
गोल तर हारपण असतो की.
तसा नाही हो. हे घालायचं नाही. ठेवायचं.

अप्पा बराच वेळ बोटाला दोरा गुंडाळत बसले.
हार गळ्यात पडला की गोल होतो,
तोवर तो नुसता लांब असतो.
हे आधीच गोल.
गळ्याची वाट न बघता.

दोन वेताची झाली. तिसऱ्याला वेत उरला नव्हता.
माझा टायर भिंतीला टेकून होता.
अप्पांनी मला विचारलं नाही.
सुतळी, अशोकाची पानं, वर पांढरी शेवंती,
बघता बघता टायर साहेबांच्या हातात शोभेल असा झाला.

तिसऱ्या दिवशी सत्तेम्मा आली. शुक्रवार नव्हता.
काखेत ते चक्र.
पानांतून कंपनीचं नाव दिसत होतं, मी टायर ओळखला.
यादगिरी बंबावर असतो,
हे तिनं कितीदा तरी सांगितलं होतं,
आम्ही मोजत असायचो सुट्टे पैसे.

‘फोटोला घालाय येत न्हाई हे,’ ती म्हणाली.
‘सोड. दंड कर.’

मेल्यावरचं फूल पुन्हा ओवत नाहीत.
आमच्या धंद्यात कायदा एवढा एकच,
तोही अप्पांना त्यांच्या अप्पांनी मारून शिकवलेला.
अप्पांनी कात्री घेतली.
सुतळी कापली, शेवंतीला पाण्याचा हात दिला,
आणि एकेक वेचून ओवत राहिले.
पाकळ्या गळालेले पिवळे डोळेसुद्धा घेतले.
तीन हात भरली.

तिनं पदराची गाठ सोडली.
राहू दे, अप्पा म्हणाले, दंड मी भरतो.
तिनं तो शब्द कुठल्या भाषेत ऐकला
मला माहीत नाही. गाठ परत बांधली.

टायर मी पुन्हा फिरवला का?
फिरवला. आठवड्यानं.
नवव्या वर्षी टायर एकच असतो.
आतल्या बाजूला अशोकाचं एक पान चिकटून राहिलं होतं,
वेशीच्या उतारावर ते किती तरी दिवस
वर जायचं, खाली यायचं,
वर जायचं.