पाहुण्यांची बाजू

कोल्हापुरातनं निघताना चौदा होतो.
मिरजेलाच तिघं उतरले,
एकाची ड्यूटी, दोघांना घरचा फोन.

नागपुरात पाहुण्यांची बाजू म्हणजे
सावली न पडणाऱ्या चार पायऱ्या.
हलगी गेटवरच जमा करून घेतली.
इलाहीमामानं मग चटणीच्या डब्याचं झाकण काढलं
आणि तेच बडवलं, बोटं लाल होईतोवर.

सत्तराव्या मिनिटाला गोल.
त्यांचा.
अख्खं मैदान उभं राहिलं,
आम्ही बसून, बुटांच्या लेसा बघत.

जाळीपलीकडून कामठीच्या एका म्हाताऱ्यानं
संत्र्याची फोड पुढं केली.
"गोली चांगला आहे बे तुमचा."

तो माझा धाकटा, हे मी बोललो नाही.
फोड आंबट होती.
बी थुंकायची राहिली,
पार वर्धा येईपर्यंत
जिभेखालीच होती.