कंट्रोल ग्रुप

नागपूरहून निघताना बर्फाचा डबा मांडीवर घेते.
पाटणसावंगीपर्यंत डबा थंड,
केळवद येईतो मांडी बधिर.

फॉर्मवर अठ्ठावीस प्रश्न.
दिवसाला पंप किती. हातमोजे होते का.
वारा कुठल्या बाजूने होता.
"वारा का आपल्याले इचारून वाह्यते, मॅडम?"
रूपचंद नेवारे विचारतो.
मी लिहिते: बदलता.
औषध कशाने मोजता?
"बुचानं. बूच हरपलं तं अंदाजानं."
यासाठी रकाना नाही.

त्याची बायको सत्यफुला ओसरीत बसलेली.
तिला मी दुसऱ्या यादीत घेतलं.
वय जवळपास तेच, पाणी तेच, पीठ तेच,
फवारणी: नाही.
अशी माणसं लागतातच अभ्यासाला,
ज्यांना काही झालेलं नाही,
ज्यांच्या शेजारी ठेवून
बाकीच्यांचं मोजता येतं.

सुईत दोरा ओवायला दिला.
रूपचंद, एकोणीस सेकंद.
सत्यफुलाच्या वेळी घड्याळ मीच थांबवलं.
"डोये गेले आता," ती हसली,
दोरा ओठांत धरून तसाच परत दिला.
ओसरीत अंधार होता,
तरी तिच्या बाहुल्या मोहरीएवढ्या,
टॉर्च लावायच्या आधीच.
तेही लिहिलं.
त्याला रकाना होता.

मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर
सेंट्रिफ्यूज थांबतं तेव्हा
रक्त आपोआप दोन भागांत बसलेलं असतं,
खाली गडद, वर फिकट पिवळं.
आकडे गुरुवारी आले.
रूपचंदचा खाली, ते धरलेलंच होतं.
सत्यफुलाचा त्याच्या बरोबरीने खाली.
मग रायवंताचा. मग कौतिकाबाईचा.
दुसऱ्या यादीतल्या चौदा जणींपैकी नऊ.

खेडीकर सर चष्मा पुसत म्हणाले,
कंट्रोल बिघडलाय तुझा.
शहरातल्या बायका घे,
धरमपेठेतल्या, कुठल्याही.
मी हो म्हटलं.
रात्री रविनगरच्या खोलीत
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस प्रश्न पुन्हा वाचले.
सगळे शेतात सुरू होत होते
आणि शेताच्या धुऱ्यावरच संपत होते.
माणूस घरी येतो
हे फॉर्मला माहीतच नव्हतं.

शनिवारी रजा टाकून गेले, बर्फाचा डबा न घेता.
ती बोअरिंगच्या दगडावर शर्ट चोळत होती,
कोपरापर्यंत फेस.
कपडे कोण धुतं, विचारलं.
"धोबी ठेवला आहे नं आमी."
मग शर्ट पिळत, माझ्याकडे न बघता,
"वासावरून सांगतो मी, आज कोणता डबा होता.
हिरव्या झाकनाचा असला का
बल्ब लावला तरी भाकरीची कड दिसत नाही.
दोन दिवस. मंग दिसते."
आणि जरा थांबून,
"हे तं पयल्याच दिवशी पुसाचं होतं तुवं."

फॉर्मवर जागा नव्हती.
उलटा केला,
कोऱ्या बाजूवर एकोणतीस असा आकडा घातला
आणि पुढे काय लिहावं ते सुचेना,
म्हणून शर्ट दोरीवर टाकायला
तिला हात दिला.
बाही माझ्या मनगटावर ठिबकली.

"हात धू," ती ओरडलीच.
"साबन लाव. दोनदा लाव."
मी धूत राहिले, ती बघत राहिली.
मग स्वतःचे हात
तिने पदराला पुसले
आणि आत गेली,
चहा मांडायला.