पेव

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा खाली.
वात तगली, तरच माणूस.
मी सातवीत असताना हरिपुरात, संगमाच्या काठावर
सातगोंडाकाकांनी हे सांगितलं,
तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्यासुद्धा हळदीच्या होत्या.

आता मी उतरते डोंगराच्या पोटात.
डोक्यावर हजार मीटर खडक,
पाचटाच्या जागी शिशाच्या विटा,
आणि मधोमध कथिलाचं एक ढेकूळ.
"कथिल? कल्हईचं?" आई फोनवर.
हो, कल्हईचंच. हुसेनभाई नवसागर टाकून
परातीत फिरवायचे ना, तेच.
"आणि ते काय करतं?"
काही नाही. मी त्याच्याकडे बघत बसते.

एक अणू मोडायचा आहे, एका विशिष्ट तऱ्हेनं.
विश्वाचं वय लिही, पुढे पंधरा शून्यं दे,
कदाचित तितकी वर्षं. कदाचित जास्त.
पण ढेकळात अणूही बेसुमार आहेत,
एखादा तरी उतावळा निघेल.

काका, तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते.
सौद्यात रुमालाखाली बोटं धरतात, तसं आहे हे.
एरवी दोन इलेक्ट्रॉन बाहेर येतात
आणि दोन न्यूट्रिनो आपली अडत कापून
भिंतीतून, सह्याद्रीतून, निघून जातात.
पट्टी कधी पुरी भरत नाही.
मला ती एक पट्टी हवीय, अडत न कापलेली:
एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं,
रुमालाच्या आतल्या आत मिटलं.
म्हणजे देणारा आणि घेणारा एकाच जातीचा,
न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा उलटा.

सहा वर्षं झाली.
माझ्या हाडांतलं पोटॅशियमही टिकटिकतं,
म्हणून मला ढेकळाजवळ जाऊ देत नाहीत.
रोज वहीत शून्य लिहिते.
दर वर्षी ते शून्य थोडं जड होतं,
बस्स, एवढीच प्रगती.

काका बराच वेळ गप्प.
महापुरात त्यांची अकरा पेवं बुडाली,
महिनाभर कुजक्या हळदीचा वास होता नदीला,
तेव्हाही ते असेच गप्प होते.
मग म्हणाले, "तू खाली असतेस
तेव्हा वर दोरीपाशी कोण असतं?"
कुणी नाही, काका. एक संगणक.
"मग उतरत जाऊ नकोस."